विंच एकच होती

नोकरीला लागल्यावर पहिल्याच शटडाऊनला, म्हणजे प्लांट बंद ठेवून दुरुस्ती करतात तेव्हा, मला जे काम मिळालं ते ऐकून खरं सांगायचं तर मला अपमान वाटला होता. व्हेसलच्या, म्हणजे मोठ्या बंद टाकीच्या, मॅनहोलपाशी, आत शिरायच्या तोंडापाशी उभं राहायचं. बस्स, एवढंच. आत वेल्डर जाणार, फिटर जाणार, हेल्पर जाणार, आणि मी बाहेर एक रजिस्टर, एक शिट्टी आणि एक वॉकीटॉकी घेऊन उभा. कोण किती वाजता आत गेला, किती वाजता बाहेर आला, ते लिहीत राहायचं. चार वर्षं इंजिनिअरिंग केलं ते वॉचमनगिरी करायला का, असं मी रात्री रूमवर बडबडल्याचंही आठवतंय. या माणसाला साइटवर स्टँडबाय म्हणतात, काही ठिकाणी होल वॉच म्हणतात, परमिटच्या, म्हणजे कामाच्या लेखी परवानगीच्या, कागदावर अटेंडंट असं छापलेलं असतं. ज्याला दुसरं काही येत नाही त्याला तिथं उभा करायचा, हा बऱ्याच साइटवरचा अलिखित नियम. माझ्या मते याच्याइतका वेडगळ नियम दुसरा नाही, पण हे मला कळायला त्या शटडाऊनचा पाचवा दिवस उजाडावा लागला.

त्या दिवसाबद्दल मी आजवर कुठं लिहिलं नव्हतं. ट्रेनिंगमध्ये सांगतो, पण तिथं अर्ध्या तासात गुंडाळावं लागतं आणि निम्म्या लोकांचं लक्ष घड्याळाकडे असतं, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहून काढू.

आधी जागेबद्दल. कन्फाइन्ड स्पेस, म्हणजे बंदिस्त जागा, म्हटलं की अंधारी, अंगाला घासणारी बीळवजा जागा डोळ्यासमोर येते, पण तसं असायलाच पाहिजे असं नाही. माणूस आत शिरून काम करू शकेल एवढी मोठी, आतबाहेर करायची वाट अडचणीची, आणि माणसानं तिथं रोजच्या रोज थांबावं म्हणून मुळात बांधलेलीच नाही, अशी कुठलीही जागा. टँक, बॉयलरचा ड्रम, सायलो, सांडपाण्याचा चेंबर, मोठी पाइपलाइन, जहाजाच्या पोटातले कप्पे. वरून सगळा उघडा असलेला खोल खड्डासुद्धा यातच येतो आणि तिथंच लोक जास्त फसतात, कारण डोक्यावर आभाळ दिसत असतं आणि आभाळ दिसतंय म्हणजे हवा आहे असं आपण धरून चालतो. हवेपेक्षा जड गॅस खड्ड्यात पाण्यासारखा साचतो. तो वरून बघणाऱ्याला दिसत नाही, खाली उतरणाऱ्यालाही दिसत नाही.

आमचं व्हेसल उभं होतं, साधारण साडेतीन मीटर खोल, वर २४ इंची मॅनहोल, आत एक शिडी. आतल्या एका नोझलचं, म्हणजे पाइप जोडायच्या तोंडाचं, स्टेनलेस स्टीलचं वेल्डिंग करायचं होतं, टिग वेल्डिंग. सगळ्या लाइनींना ब्लाइंड टाकलेले होते. इथं एक सांगून टाकतो, नुसता व्हॉल्व्ह बंद करणं म्हणजे लाइन तोडणं नव्हे. व्हॉल्व्ह पास होतात, म्हणजे बंद असूनही गळतात. नवा असो जुना असो, कधी ना कधी पास होतोच, आणि कुणीतरी चुकून उघडतो ते वेगळंच. पाइपांच्या दोन जोडकडांच्या, म्हणजे फ्लँजच्या मधे लोखंडाची आख्खी चकती, म्हणजेच ब्लाइंड, घातली की मग विषय संपतो. ती घालायला दोन तास जातात म्हणून प्लॅनिंगवाले कुरकुर करतात. करू देत.

सकाळची गॅस टेस्ट माझ्यासमोर झाली आणि अगदी व्यवस्थित झाली. सेफ्टीच्या माणसानं डिटेक्टरला रबरी नळी लावून ती आधी वर, मग मधे, मग तळाला सोडली आणि प्रत्येक ठिकाणी थांबला. मला वाटलं हा उगाच वेळ काढतोय. नंतर कळलं की नळीतून हवा वर ओढून यायलाच मीटरमागे काही सेकंद लागतात, वर सेन्सरला आकडा स्थिर करायला वेळ लागतो तो निराळा, त्यामुळे नळी सोडली आणि लगेच आकडा वाचला तर तो आकडा तळाचा नसून नळीत आधीपासून असलेल्या हवेचा असतो. आणि तीन उंचीवर का, तर गॅसचे स्वभाव वेगळे. मिथेन हलका, तो वर जाऊन छताला बसतो. हायड्रोजन सल्फाइड जड, तो खाली. कार्बन मोनॉक्साइडचं वजन जवळपास हवेएवढंच, तो कुठंही.

क्रमही ठरलेला. आधी ऑक्सिजन, मग पेट घेणारे गॅस, मग विषारी. हा क्रम मी पाठ करून पास झालो होतो पण असा का ते कुणी सांगितलं नव्हतं. पेट घेणारा गॅस मोजणारा जो नेहमीचा सेन्सर असतो, तो आतल्या आत तो गॅस चिमूटभर जाळून बघतो. जाळायला ऑक्सिजन लागतो. म्हणजे हवेत ऑक्सिजनच पुरेसा नसेल तर हा सेन्सर बिनधास्त कमी आकडा दाखवणार, टाकी गॅसनं भरलेली असली तरी. म्हणून आधी ऑक्सिजन बघायचा. त्याचा नेहमीच्या हवेतला आकडा २०.९ टक्के. १९.५ च्या खाली आला तर साध्या मास्कवर कुणी आत जायचं नाही आणि २३.५ च्या वर गेला तरीही जायचं नाही, कारण मग एका ठिणगीत अंगावरचे कपडेसुद्धा भडकतात. आणि पेट घेणाऱ्या गॅसचा जो आकडा दिसतो तो सरळ टक्के नसतो. मिथेन हवेत ५ टक्के झाला की पेटू शकतो, तर डिटेक्टर त्या ५ टक्क्यांना शंभर धरतो, आणि स्क्रीनवर १० आला की काम बंद. प्रत्यक्षात हवेत तेव्हा अर्धाच टक्का असतो. तेवढं अंतर राखायचं.

त्या सकाळी सगळे आकडे छान होते. ऑक्सिजन २०.९, बाकी शून्य. परमिटवर सही झाली आणि मी रजिस्टर उघडलं.

आता आमच्या रिगरबद्दल, म्हणजे उचलायची साधनं लावणाऱ्या माणसाबद्दल. वयानं माझ्या वडिलांएवढा, कमी बोलणारा, सगळे त्याला काका म्हणायचे म्हणून मीही म्हणायचो. त्यानं सकाळी मॅनहोलवर ट्रायपॉड, म्हणजे लोखंडी तिपाई, उभा केला, त्याच्या विंचची, म्हणजे दोरी गुंडाळणाऱ्या हातरहाटाची, दोरी खाली सोडून बघितली, हँडल दोनदा फिरवलं, आणि आत जाणाऱ्याच्या हार्नेसला, म्हणजे अंगावर बांधलेल्या पट्ट्यांना, पाठीत दोन खांद्यांच्या मधे जी कडी असते तिला हुक लावल्याशिवाय कुणाला शिडीवर पाय ठेवू देईना. वेल्डर वैतागला. दोरी मधे येते, हात फिरवता येत नाही वगैरे. त्याचंही खोटं नव्हतं, आत जागा कमी होती. शेवटी असं ठरलं की वेल्डर खाली पोचल्यावर हुक काढेल, आणि वर-खाली करणारा हेल्पर कायम दोरीवर राहील. हा तहच होता, नियमात बसणारा नव्हता. पण सुदैवानं पुढं आत जो एकटा सापडला तो दोरीवरचाच होता.

वेल्डिंग सुरू झालं आणि तासाभरानं वेल्डर खालून ओरडला की ब्लोअर बंद करा. ब्लोअर म्हणजे आत ताजी हवा सोडणारा पंखा. टिग वेल्डिंगमध्ये टॉर्चमधून आर्गॉन सुटतो, तो वितळलेल्या धातूवर पांघरुणासारखा राहतो म्हणून वेल्ड चांगलं येतं. वारा लागला की ते पांघरूण उडतं आणि वेल्डला भोकं पडतात. दहा मिनिटांसाठी बंद करा म्हणाला. मी केला बंद. मीच. त्या दहा मिनिटांनंतर परत चालू करायचा असतो हे माझ्या डोक्यातून गेलं ते गेलंच, आणि आर्क लागलेला असेपर्यंत त्यालाही काही बोलायचं कारण नव्हतं.

मग ब्रेक झाला. दोघे वर आले, मी आउट टाइम लिहिला. टॉर्च आणि होज आतच राहिले, आर्गॉनचा सिलेंडर बाहेर, त्याचा व्हॉल्व्ह कुणी बंद केला नाही. टॉर्चवरची खुंटी पूर्ण बसलेली नव्हती हे नंतर तपासात निघालं. म्हणजे अर्धा-पाऊण तास आर्गॉन हळूहळू, आवाज न करता तळाला साचत होता. हवेच्या जवळजवळ दीडपट जड असतो तो. विषारी नाही, पेटत नाही, वास नाही, रंग नाही. आर्गॉन माणसाला काहीच करत नाही. फक्त ऑक्सिजनची जागा घेऊन बसतो.

आणि इथं शरीराची एक गंमत आहे जी मला आजही भयंकर वाटते. श्वास कोंडला की जीव घुसमटतो ना, पाण्यात बुडी मारल्यावर छाती फुटतेय असं वाटतं ते, ते ऑक्सिजन कमी झाल्यामुळे वाटतच नाही. ते रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे वाटतं. आर्गॉन किंवा नायट्रोजनमध्ये माणूस आरामात श्वास घेत असतो, आत येतोय बाहेर जातोय, कार्बन डायऑक्साइड नीट बाहेर पडतोय, त्यामुळे शरीराला काही चुकतंय असं कळतच नाही. घुसमट नाही, खोकला नाही, हातपाय झाडणं नाही. ऑक्सिजन अगदीच नसेल तर दोन श्वासांत माणूस खाली. अमेरिकेत रसायनांच्या अपघातांचा तपास करणारं एक सरकारी मंडळ आहे, केमिकल सेफ्टी बोर्ड, त्यांनी १९९२ ते २००२ या काळातले नुसते नायट्रोजनचे ८५ अपघात गोळा केले होते, त्यात ८० माणसं गेली. आपण सगळे दिवसभर ज्या हवेत श्वास घेतो तिच्यात ७८ टक्के नायट्रोजनच असतो, म्हणून त्याची भीती कुणालाच वाटत नाही.

ब्रेकनंतर हेल्पर आधी आला. माझ्याच वयाचा, अत्यंत नकलाकार पोरगा. मॅनेजर कसा चालतो, सेफ्टीवाला कसा बोलतो, सगळं करून दाखवायचा, आणि त्या चार दिवसांत दोनदा तरी त्यानं व्हेसलच्या तळाला झोपल्याचं सोंग करून मला घाबरवलं होतं. रिगर काका त्याच्या मागोमाग आले, त्यांनी हुक लावला, मी इन टाइम लिहिला, ११:४०. डिटेक्टर माझ्या गळ्यात होता, आकडा २०.८, हिरवा दिवा. परत गॅस टेस्ट करायची असते, ब्रेक झाला की करायचीच असते, अर्धा तास कुणी आत नसेल तर सकाळची टेस्ट जुनी झाली असं धरायचं असतं. परमिटवर हे छापलेलं होतं. मी ते वाचलेलं होतं, त्याखाली माझी सही होती.

तो खाली उतरला. वेल्डमध्ये वितळवायच्या फिलर रॉडचे तुकडे पडले होते ते गोळा करायला वाकला. मग उकिडवा बसला. मग भिंतीला टेकला आणि मान खाली घातली. मी वरून म्हटलं, पुरे झाली नाटकं. माझ्या आयुष्यातलं हे एक वाक्य मला परत घेता आलं तर बरं होईल. मी आणखी तीन-चार सेकंद वाट बघितली, हसतसुद्धा होतो. मग त्याच्या हातातला रॉडचा तुकडा सुटला आणि तो आवाज असा काही आला की मला कळलं.

त्यानंतर मी काय केलं हे मला दुसऱ्यांकडून ऐकावं लागलं, कारण मला आठवत नाही. मी रजिस्टर टाकलं आणि एक पाय मॅनहोलमध्ये घातला. शिट्टी गळ्यात होती, वाजवली नाही. वॉकीटॉकी खिशात होता, त्यावर काही बोललो नाही. ब्लोअरचं बटण दोन हातांवर होतं. डिटेक्टर गळ्यात लटकत होता आणि हिरवाच होता, कारण आर्गॉन मीटरभर उंचीपर्यंतच होता आणि मी वर चांगल्या हवेत होतो. मला आठवतं ते एवढंच की कुणीतरी मागून माझा पट्टा धरून मला असा खेचला की मी उताणा पडलो. काका म्हणाले, विंच फिरव. मी परत उठून मॅनहोलकडे निघालो. त्यांनी माझा हात धरून विंचच्या हँडलवर ठेवला, अक्षरशः लहान मुलाच्या हातात पेन्सिल देतात तसा, आणि म्हणाले, हे फिरव. स्वतः दोरी सरळ धरून उभे राहिले, एका हातानं ब्लोअर चालू केला आणि खच्चून ओरडले.

फिरवलं. हँडल जड जातं, एका फेरीत दोरी अगदी थोडी वर येते, कारण गियर असतात, म्हणून तर एक माणूस दुसऱ्याला उचलू शकतो. खाली तो पाठीतल्या कडीमुळे आधी ताठ झाला, मग उभा राहिल्यासारखा दिसला, मग पाय सुटले. मॅनहोलच्या कडेला खांदा अडकला तेव्हा काकांनी त्याचे दोन्ही हात वर घेऊन अंग अरुंद केलं आणि बाहेर ओढला. ओठांचा रंग मी सांगत नाही. काकांनी हनुवटी वर केली, आणि त्यानं एक मोठा, घाणेरडा, घरघरणारा श्वास घेतला, त्याच्यापेक्षा सुंदर आवाज मी अजून ऐकलेला नाही. त्याला एक दिवस हॉस्पिटलमध्ये देखरेखीखाली ठेवलं आणि सोडलं.

रजिस्टरमध्ये त्याच्या नावासमोर आउट टाइम ११:४४ असा आहे. ते अक्षर माझं नाही. माझा हात थरथरत होता म्हणून काकांनी लिहिलंय. चार मिनिटांत उतरणं, बसणं, माझं हसणं, सगळं आलं. मेंदूला ऑक्सिजनशिवाय नुकसान न होता साधारण तेवढीच मिनिटं मिळतात. बाहेरून कुणी मदतीला येईपर्यंत ती संपलेली असतात, म्हणून सुटकेची जी काही तयारी असेल ती माणूस आत जाण्याआधी मॅनहोलवर उभी असावी लागते. फोन नंबर भिंतीवर लावणं म्हणजे तयारी नाही.

चौकशी झाली. त्यात आमचे एक वरिष्ठ माझ्याकडे बघून कौतुकानं म्हणाले, पोरगा धाडसी आहे, आत उडी मारणार होता. मला तेव्हा थोडं बरंही वाटलं, खोटं कशाला बोलू. काका कोपऱ्यात उभे होते. ते म्हणाले, "साहेब, विंच एकच होती. आणि दोरी एकाच्याच पाठीला होती."

यावर कुणी काही बोललं नाही.

नंतर मी या विषयावर बरंच वाचत गेलो आणि प्रत्येक ठिकाणी मला मीच भेटत गेलो. लंडनमध्ये पोस्टमन्स पार्क नावाची छोटीशी बाग आहे. तिथं जॉर्ज फ्रेडरिक वॉट्स या चित्रकारानं १९०० साली एक स्मारक केलं, दुसऱ्यांना वाचवताना मेलेल्या साध्या माणसांसाठी. एका भिंतीवर टाइल्स, टाइलवर नाव आणि एका ओळीत काय झालं ते. त्यातली एक टाइल मी फोटोत पाहिली. ईस्ट हॅम, सांडपाण्याचं पंपिंग स्टेशन, १ जुलै १८९५. एका सोबत्याला वाचवायला झटताना गेलेल्या चार जणांची नावं. चार. एकासाठी एकामागून एक चौघं. मी त्या चौघांना मूर्ख म्हणणार नाही, माझाही एक पाय आत होताच की, पण त्या सुंदर टाइलकडे बघताना मला कौतुकाच्या आधी रागच येतो. त्यांच्यावर नाही. एकासाठी चौघांना खाली उतरावं लागलं याचा.

बरं, ते जुनं झालं म्हणावं तर १९८६ साली अमेरिकेतल्या नायॉश या कामगार सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या सरकारी संस्थेनं इशारा काढला, त्यात हेच लिहिलं होतं की बंदिस्त जागेत मरणाऱ्यांपैकी ६० टक्क्यांहून जास्त लोक हे वाचवायला गेलेले असतात. हा आकडा मी ट्रेनिंगमध्ये सांगतो तेव्हा लोक माना हलवतात. कळतो सगळ्यांना. मलाही त्या शटडाऊनच्या आधी माहीत होता, एका स्लाइडवर पाहिला होता. माहीत असून पाय आत गेला. कारण तो पाय माझ्या डोक्याला विचारून जात नाही, समोर आपला माणूस पडला की पाय आपोआप निघतो, आणि खरं तर माणूस म्हणून तो निघायलाच हवा, यातच सगळी पंचाईत आहे.

२००७ च्या सप्टेंबरमध्ये नॉर्थ सीमध्ये एका जहाजावर असंच झालं. ते जहाजच मुळात आणीबाणीत मदतीला धावणारं होतं, म्हणजे बचावकार्य हा ज्यांचा धंदा ती माणसं. नांगराची साखळी तिच्या कप्प्यात आपटून आवाज करत होती, ती बांधायला दोघं गेले. बंद लोखंडी कप्पा, लोखंड गंजतं तेव्हा हवेतला ऑक्सिजन खातं, आत उरलेली ती ऑक्सिजन संपत आलेली हवा. ना कुठला सिलेंडर, ना कुठली गळती, नुसता गंज. पहिला पडला, दुसरा त्याच्या मदतीला उतरला, तोही पडला. तिसऱ्यानं शहाणपणा केला, पाठीवर श्वसनाचा सेट चढवला, पण सेटसकट तो त्या भोकातून आत जाईना. मग त्यानं सेट काढला आणि फक्त पळून बाहेर पडण्यासाठी जो छोटा हूड असतो तो घालून उतरला. तिघंही गेले. हे वाचल्यापासून मी प्रत्येक मॅनहोलपाशी आधी असा श्वसनाचा सेट घातलेला माणूस प्रत्यक्ष त्यातून घालून बघतो. १८ इंचीमधून बऱ्याचदा जात नाही. हे काम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी कळलेलं बरं.

आणि २००५ सालची अमेरिकेतल्या डेलावेअरमधल्या एका रिफायनरीतली घटना तर इतकी साधी आहे की सांगताना लाज वाटते. रिअॅक्टर नायट्रोजननं भरलेला, वरचं तोंड उघडं, आत चिकटपट्टीचं एक रीळ पडलेलं. ते काढायला गेलेला एक माणूस आत गेला, उतरला का पडला कुणास ठाऊक, आणि त्याला काढायला दुसरा. दोघंही मेले. चिकटपट्टीचं रीळ.

आता मी स्वतः ट्रेनिंग देतो. स्लाइड कमी केल्यात. त्याऐवजी न सांगता ड्रिल करतो. सत्तर किलोचा पुतळा हार्नेस घालून खाली सोडायचा, कुणालातरी स्टँडबाय उभा करायचा, दहा-पंधरा मिनिटं काहीच होऊ द्यायचं नाही, त्याला कंटाळा येऊ द्यायचा, मग खालून धपकन आवाज काढायचा आणि त्याच्या पायांकडे बघत राहायचं. हातांकडे नाही. दहातल्या सहा-सात जणांचा पाय आधी हलतो. एकदा एका पोरानं तर हेल्मेट काढून ठेवलं आणि मॅनहोलच्या कडेवर दोन्ही हात टेकले, आणि तो पुतळा आहे हे त्याला माहीत होतं! मी त्याला ओरडलो नाही. त्याचा हात धरून विंचच्या हँडलवर ठेवला. दुसऱ्यांदा केलं तेव्हा त्यानं आधी शिट्टी मारली, मग ब्लोअर बघितला, मग हँडल. पायाला हे शिकवता येत नाही, हाताला येतं. हाताला काम दिलं की पाय थांबतो.

ड्रिलमध्ये बाकीच्या गमती बाहेर येतात त्या वेगळ्याच. ट्रायपॉडच्या पायाची पिन गंजून बसलेली. दोरी अर्धा मीटर आखूड. ब्लोअरचा डक्ट, म्हणजे हवेची जाड नळी, तळापर्यंत न पोचता मधेच लटकतोय, म्हणजे वरची चांगली हवा वरच गोल फिरतेय. एकदा तर ब्लोअरचं तोंड चालू डिझेल जनरेटरच्या धुराड्याशेजारी होतं, आम्ही आतल्या माणसाला व्यवस्थित धूर पाजत होतो. या सगळ्याच्या परमिटवर सह्या झालेल्या होत्या बरं का, ऑफिसात बसून. परमिटवर सही करणाऱ्यानं मॅनहोलपर्यंत चालत यावं, यासाठी मी जितका भांडलोय तितका पगारवाढीसाठीसुद्धा भांडलो नाही.

स्टँडबायला मी आता साइटवरचा सगळ्यात शहाणा, सगळ्यात थंड डोक्याचा माणूस मागतो. मिळत नाही. नवीन आलेला ट्रेनीच मिळतो, हातात रजिस्टर आणि तोंडावर तोच अपमान. मी त्याच्यापाशी जाऊन बसतो थोडा वेळ.

तो हेल्पर त्या घटनेनंतर चौथ्या दिवशी कामावर आला. त्याच व्हेसलचं काम राहिलं होतं. मला वाटलं हा आता आत जायचा नाही, कुणी जबरदस्तीही केली नसती. त्यानं काही न बोलता माझ्या गळ्यातला डिटेक्टर काढून घेतला, दोरीला बांधला, तळापर्यंत सोडला आणि ओठांतल्या ओठांत आकडे मोजत थांबला. वर ओढून स्क्रीन स्वतः बघितली, मग मला दाखवली. ब्लोअरच्या डक्टवर हात ठेवून हवा येतेय का बघितलं. काकांकडे पाठ केली, त्यांनी हुक लावला आणि एक हिसका दिला. शिडीवर दोन पायऱ्या उतरल्यावर थांबला आणि मान वर करून म्हणाला, "साहेब, आज खाली बसलो तर नक्कल समजू नका हं."

मी रजिस्टरमध्ये वेळ लिहिली आणि हँडलपाशी जाऊन उभा राहिलो.